तिसरी येऊनही आत

मुलीचा मित्र अमेरिकन आहे हे कळल्यापासून मी जरा सावधच होते. दोघं इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात एकाच ऑफिसात. सप्टेंबरातल्या एका रविवारी ती त्याला लंडनमध्ये हॅरोला आमच्याकडे जेवायला घेऊन आली. मुलगा नम्र, जरा जास्तच नम्र. भरली वांगी दोनदा मागून घेतली, तेव्हा माझा संशय आणखी वाढला. पहिल्याच भेटीत इतकी वांगी कोणी आवडीने खात नाही.

ह्यांनी बेसबॉलचा विषय काढला. तो खुलला. म्हणाला, "आमची टीम डिव्हिजनमध्ये तिसरी आहे, पण प्लेऑफमध्ये जाईल. वाइल्ड कार्डवर."

आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतच. मी विचारलं, "तिसरी येऊन पुढे कशी जाईल? कोणाची ओळख आहे का?"

वाइल्ड कार्ड मला टेनिसमुळे माहीत. तिथे आयोजक आपल्या मर्जीतल्या खेळाडूला आत घेतात.

"इथे कोणी निवडत नाही, काकू," तो म्हणाला. काकू म्हणायला मुलीने पढवलेलं दिसत होतं. "लीगमध्ये तीन डिव्हिजन. तिन्हींतल्या पहिल्या टीम थेट आत. मग उरलेल्या सगळ्या एकत्र धरायच्या आणि त्यांतल्या सर्वांत जास्त जिंकलेल्या तीन घ्यायच्या."

मी मनात शाळा मांडून पाहिली. अ, ब, क तुकड्या. अ तुकडीतल्या तिसऱ्या मुलीला क तुकडीच्या पहिलीपेक्षा जास्त मार्क असू शकतात.

"मग क तुकडीची पहिली कमी मार्कांवर थेट आत, आणि हिने मात्र उरलेल्यांत झगडायचं?"

"हो," तो म्हणाला. "थोडा अन्याय आहेच."

इतक्या सहज कबुली दिली, तेही मला खटकलं. भांडी आवरताना मुलगी म्हणाली, "आई, तू त्याचा परीक्षा घेतेस?" तिचं मराठी लिंगांपाशी नेहमी अडखळतं. मी म्हटलं, "घेते."

सीझन संपला तेव्हा मी फोनवर निकाल पाहून ठेवला. त्याच्या टीमची शेवटच्या जागेसाठी दुसऱ्या एका टीमशी बरोबरी झाली होती आणि त्याचीच टीम बाहेर पडली होती. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं, "मग, गेली का तुमची टीम?"

"नाही. दोघांचे विजय सारखेच. पण आमच्या आपसातल्या मॅचमध्ये ते जास्त जिंकले होते. म्हणून ते आत."

"बरोबरी झाली तर एक जादा मॅच खेळवायला हवी," मी मुद्दाम म्हटलं. "तुम्हाला फसवलंच की."

"पूर्वी खेळवायचे, आता बंद केलंय. पण नियम सीझनच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होता. आम्ही त्यांच्याकडून हरलो, एवढंच."

चेहरा पडलेला होता, पण कोणाला दोष देत नव्हता. नाटक करणाऱ्याला हरल्यावर नाटक जमत नाही, असा माझा अनुभव आहे.

तो हात धुवायला गेला तशी मुलगी हळूच म्हणाली, "मग?"

"त्याच्या आईवडिलांना बोलव," मी म्हटलं. "पण आधी त्याच्या आईशी मी एकटी बोलणार. तू मध्ये पडायचं नाहीस."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अजून थोडा भात वाढून घेतला.