साळवे मॅडमनी अडवून धरलेली सही

मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली ती भाईंदरच्या आमच्या महाविद्यालयात, भूगोल विभागाच्या मुलाखतीत. "राहता कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "भाईंदर वेस्ट." "वेस्टला कुठे?" "स्टेशनपासून फार लांब नाही." खरं तर आमचं घर मोरव्यात, कोळ्यांच्या वस्तीत. पण चारचौघांत ते सांगायला माझी जीभ रेटायची नाही. मॅडमनी अर्जावरचा पत्ता वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला. "मोरवा! अहो, मग खाडी तुम्हीच आम्हाला शिकवायची. मी परभणीकडची, भरती-ओहोटी पुस्तकातून शिकलेय." नोकरी मिळाली, आणि महिन्याभरात 'अहो'चं 'अगं'ही झालं.

प्रा. डॉ. रत्नमाला साळवे यांच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनावर जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे युरोपातल्या एका विद्यापीठाशी त्यांनी घातलेल्या वादाबद्दल. आणि शांतपणे लिहिणं मला जमणार नाही, कारण सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत.

आमची मुलं आता युरोपात शिकायला जातात. तिथलं चित्र मात्र सारखं बदलतंय. आंतरराष्ट्रीयीकरणाचे गोडवे सगळीकडे गायले जातात; त्याच वेळी कुठे इंग्रजीतले अभ्यासक्रम कमी होतात, कुठे बाहेरच्यांची फी वाढते, कुठे राहायला खोलीच मिळत नाही. मॅडम प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ही बारीक अक्षरातली कलमं स्वतः वाचतात. एकदा एक विद्यार्थी तिकीट काढायला निघाला होता. "मॅडम, ॲडमिशन झालं ना, रूम तो मिल जाएगा." मॅडम म्हणाल्या, "मिल जाएगा महाराज, आधी रूमचा ईमेल दाखवा, मग विमानात बसा." त्याला तिथली भाषाही त्यांनी शिकायला लावली. पुढे त्याच्या वर्गातले निम्मे तास स्थानिक भाषेत होऊ लागले तेव्हा त्याचा फोन आला. त्यात आभारच होते, तक्रार नव्हती.

मग आमच्या विभागाचं नशीब उघडलं. उत्तर युरोपातल्या एका विद्यापीठानं सामंजस्य करार पाठवला. त्यात एका प्राध्यापकाला सहा महिने तिथे संशोधन करायची संधी होती, आणि ते नाव माझं होतं. मी घरात पेढेसुद्धा वाटले. सहीच्या दिवशी विभागप्रमुख म्हणून मॅडमनी करार पुन्हा एकदा वाचला आणि पेन खाली ठेवलं. आमच्या मुलांनी पूर्ण फी भरून तिकडे जायचं, हे पक्कं होतं. त्यांच्या मुलांनी इकडे यायचं ते 'शक्य झाल्यास'. ऑनलाइन बैठकीत मॅडम म्हणाल्या, "याला देवाणघेवाण म्हणत नाहीत, गिऱ्हाईक जमवणं म्हणतात. जितकी आमची येतील तितकी तुमची पाठवा, फी आपापल्या विद्यापीठात भरू द्या. मग सही." पलीकडच्यांनी 'कळवतो' म्हणून बैठक संपवली. इकडे माझा हातातोंडाशी आलेला घास गेला.

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी त्या स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. "तुझं जाणं मी अडवलंय. मुलांच्या हिताचं नाव पुढे करून मी ते लपवणार नाही. रागव, हक्क आहे तुझा." मी रडले. राग गेला नाही. पण तो धरून ठेवणंही जमेना.

चार महिन्यांनी तिकडून होकार आला. प्रयोग म्हणून दोन विद्यार्थिनी एका सत्रासाठी येणार होत्या. पण आमच्याकडे वसतिगृह नाही! मॅडम भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कातल्या आपल्या घरून रिक्षा करून थेट मोरव्यात, माझ्या आईकडे आल्या.

"मावशी, दोन पोरी ठेवाल?"

"ठेवीन गो. पन आमच्यात इंग्रजी कोनाला येत न्हाय."

"त्यांना कुठे कोळी बोली येते? फिटंफाट."

"नि जेवान? त्या मासली खातान का?"

"त्यांच्याकडे समुद्र आहे मावशी, मासे आहेत. फक्त मसाला नाही."

"आगं बाय! मग कशा जगतान?"

पोरी आल्या आणि आईच्या मागे मागे खाडीवर जाऊ लागल्या. भरती कधी चढते, मिठागरात पाणी कधी घ्यायचं, सुकवायचे मासे वारा बघून कसे पालथे करायचे, सगळं त्यांनी वहीत उतरवलं. सत्र संपताना तिकडून विचारणा झाली, या कामाचे श्रेयांक द्यायचे तर शिकवलं कोणी? मॅडमनी मार्गदर्शकाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. मीच दचकले. "मॅडम, आई चौथी शिकलीय." "मग? शिकवलं कोणी ते विचारलंय, शिकलंय कोण ते नाही." ते नाव तिकडे मंजूर झालं, आणि त्याच महिन्यात समान अटींचा करार मॅडमच्या सहीनं पुरा झाला.

गेल्या आठवड्यात तिकडून पत्र आलंय. सहा महिन्यांसाठी माझं नाव आहे, आणि किनाऱ्याच्या अभ्यासवर्गासाठी पंधरा दिवस आईचंही! मोरव्यात नुसता गलका आहे. परवा मी आईच्या व्हिसाचा अर्ज भरत होते. व्यवसायाच्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "आई, मासेविक्री लिहू का शिक्षिका?" मॅडम शेजारीच बसल्या होत्या, त्यांनीही आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मासली इकते, ताच लिव. शिकवते ता तिकरं जाऊन दाखवीन."

मॅडम, तुमचे गुडघे, तुमचे डोळे आणि तुमचा हेका, तिन्ही ठणठणीत राहोत. तुमच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात मात्र माझा लेख मागू नये. तो आई सांगेल, मी फक्त लिहून घेईन.