पट्ट्यातले आकडे

मंगळवारी सकाळी सुमन गेली.

तेराव्यानंतर मुलीने टेबलावरचा रक्तदाब मोजायचा पट्टा उचलला. म्हणाली, "बाबा, हा कुणाला तरी देऊ या. आत साठलेले आकडे पुसून टाकते." मी नको म्हणालो.

मनगटावर बांधलेला तो पट्टा हवा भरून आवळू लागला की सुमन घाबरायची. "आधी तुम्ही बांधा. तुमचा हात शाबूत राहिला, तर मी." म्हणून रोज चहाआधी पहिली पाळी माझी. मोजताना बोलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती नेमकी तेव्हाच मला हसवायची आणि आकडा चढला की म्हणायची, "बघा, आजारी तुम्हीच आहात!"

दोघांचे आकडे एकाच यादीत साठत गेले. डॉक्टर वैतागून विचारायचे, "यातले बाईंचे कोणते?"

माणूस गेलं की त्याचं सामान वेगळं काढतात. साड्या निघाल्या, चष्मा निघाला. आकडे निघत नाहीत. चढलेले तिचे म्हणावेत, तर तिने हसवल्यामुळे माझेही तेवढेच चढलेले.

पट्टा टेबलावरच आहे. सकाळी मी तो बांधतो. मोजून होईपर्यंत घरात कुणी बोलत नाही.