कांतामावशीचे चोवीस सेल

"हात कापतात तुमचे, कांताताई. मी स्वतः बघितलंय."

"कधी बघितलात?"

"परवा. चहा ओतताना."

"चहा ओतताना कापतात. चहाक कोण विचारता? सेलात वात ठेवताना कापले काय, ता सांगा."

रागावली की मावशीची मालवणी बाहेर येते. जयवंतसाहेब अशा वेळी चष्मा पुसायला घेतात. आत्ताही घेतला.

लालबागच्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर त्यांचा गाळा आहे. तिथे कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे सेन्सर बनतात. बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे, तळघरातल्या गाड्यांमुळे साचणारा तो वायू. ना वास, ना रंग, माणूस झोपल्यासारखा जातो. सेन्सरच्या आतला सेल, म्हणजे त्याचं काळीज, गेली एकोणीस वर्षं कांतामावशी एकटी जुळवते. आणि मी, अक्षदा, तिची सख्खी भाची, नाट्यशास्त्राची पदवीधर, त्या सेलवर नंबराचे स्टिकर चिकटवते. तात्पुरती. तीन वर्षं झाली.

"लागोपाठ दोन लॉट गेले," साहेब म्हणाले. "मंगळवारचे चोवीस आणि गुरुवारचे चोवीस. स्वच्छ हवेत शून्य दाखवायला हवं, तर आकडे चढलेले. उद्या कुणाच्या बाथरूममध्ये असला सेन्सर बसला तर कोण भरवसा ठेवेल? सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा. टेबलावर मी दुसरं कुणीतरी बसवतो."

"कोणाला?"

"बघू. ही अक्षदा आहे."

मावशीने माझ्याकडे बघितलं. तसं बघणं मला तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एकदाही जमलं नव्हतं.

"हिला? हिने काल स्टिकर उलटे लावले."

ते खरं होतं.

"बसा इथे समोर," मावशी साहेबांना म्हणाली. "आणि चष्मा लावा."

साहेब बसले. एकोणीस वर्षांत तिने त्यांना पहिल्यांदाच हुकूम दिला असावा, कारण ते लगेच बसले.

मावशीने चिमटा उचलला. पूर्वी ती गणपतीच्या कारखान्यात मुकुटाला खडे लावायची. जयवंतसाहेब घरच्या मूर्तीची ऑर्डर द्यायला गेले होते, ते मूर्ती सोडून तिचा चिमटाच बघत राहिले आणि आठवड्याभरात तिला इथे घेऊन आले. आमच्या चाळीत ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण मावशी ती सगळ्यांना सांगते.

बाटलीच्या झाकणाएवढी प्लॅस्टिकची डबी. तिच्यात तिने आधी एक पांढरी चकती ठेवली. नॉनस्टिक तव्यावर जो थर असतो त्याच जातीची; हवेला वाट देते, पाण्याला देत नाही. तिच्या आतल्या अंगाला प्लॅटिनमची काळी पूड. त्यावर काचेच्या तंतूंची वात, मग दुसरी चकती, पुन्हा वात, मग तिसरी. शेवटी बाजूच्या छिद्रातून गंधकाम्लाचे मोजके थेंब. वाती ते पिऊन टाकतात. थेंब कमी पडला तर सेल काही दिवसांत सुकतो, जास्त झाला तर पाझरतो.

मी रुजू झाले त्या दिवशी मावशीने मला हे समजावलं होतं. झाकणाला सुईच्या टोकाहून बारीक भोक, वायू तिथूनच आत शिरणार. प्लॅटिनमवर पोचला की जाळ न होता जळणार आणि त्यातून इवलीशी वीज निघणार. जेवढा वायू, तेवढी वीज. "पहिली चकती वायू जाळते, दुसरी हवेतला ऑक्सिजन घेऊन विजेचं चक्र पुरं करते. तिसरी काय करत नाय, नुसती बसून असते."

"माझ्यासारखी," मी म्हणाले होते.

"नाय गो. तिच्यावरून बाकीच्यांचं मोजतात."

आज तिचा हात एकदाही हलला नाही. मी साहेबांपेक्षा जास्त लक्ष देऊन बघत होते. हलला असता तर मला किती बरं वाटलं असतं, हे आता लिहायलाही लाज वाटते.

"आत्ता नाही कापला," साहेब हळूच म्हणाले. "पण सेल स्थिरावायला दिवस जातो. हासुद्धा चढला तर?"

तिच्याकडे हाताशिवाय दुसरा पुरावा नव्हता. माझ्याकडे होता.

झालं होतं असं, की स्पर्धेच्या नाटकात मला हवालदाराचं काम मिळालंय. दुसरा हवालदार. दीड वाक्य. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी परळला रंगीत तालीम होती. तिथून मी मिशीसकट चालत लालबागला आले आणि वाटेत एकानेही वळून बघितलं नाही. हा माझ्या अभिनयाचा विजय समजून मी टेस्टिंगच्या बंद खोलीत गेले, कारण तिथलं स्टीलचं कपाट आरशासारखं चकचकीत आहे, आणि कापूस स्पिरिटमध्ये बुडवून सावकाश मिशी काढली. पाठीमागे बोर्डावर चोवीस सेल तपासणीला लावलेले.

खोलीच्या दारावर पाटी आहे: अत्तर, सॅनिटायझर, अगरबत्ती, नेलपॉलिश आत आणू नये. स्पिरिटची वाफसुद्धा प्लॅटिनम तशीच जाळतं, आणि मीटरला वाटतं विषारी वायू आला. साहेबांनी मंगळवारी विचारलंही होतं, "कुणी सेंट लावून आलंय का?" मी प्रामाणिकपणे नाही म्हणाले. पाटीवर मिशीचा उल्लेख नव्हता.

डोक्यात प्रकाश पडला तो काल दुपारी. तेव्हापासून मी योग्य क्षणाची वाट बघत होते. रंगमंचावर याला पॉज म्हणतात. गाळ्यात याला फाटणं म्हणतात.

"साहेब, मिशी," मी म्हणाले.

"काय?"

"माझी मिशी. स्पिरिटने काढली. आत, बोर्डासमोर. दोन्ही दिवस."

पुढचं सगळं मी एका श्वासात सांगितलं. साहेब टेस्टिंगच्या खोलीत गेले. मावशीने चिमटा खाली ठेवला.

"काल कळलं तुला?"

"हो."

"काल संध्याकाळी माझ्या घरी जेवलीस."

"हो."

"दोनदा भात घेतलास."

साहेब बाहेर आले. "मंगळवारचे सगळे शून्यावर आलेत. गुरुवारचे उतरतायत. वाफ निघून गेली. सेलमध्ये काही दोष नाही." मग ते उगाच खुर्ची सरळ करत राहिले. "कांताताई, मी जरा घाई केली. टेबल तुमचंच आहे. पॅकिंगचं विसरून जा."

मावशीने समोरच्या सेलचं झाकण दाबून बसवलं, तो माझ्यासमोर सरकवला आणि उठली. एप्रन काढून त्याची घडी घातली आणि ती साहेबांसमोर ठेवली.

"दोन लॉटवरून मी बोलायला नको होतं," साहेब म्हणाले. "एकोणीस वर्षं म्हणजे..." त्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. "सोमवारी येताय ना?"

"मावशी, काहीतरी बोल ना. शिव्या तरी दे," मी म्हणाले.

तिने दाराशी चपला घातल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जिन्याकडे चालू लागली.