रक्तदाबाची गोळी आणि आमचे शिमोनआबा

लेख पाठवायला फार उशीर झाला, क्षमा असावी. आबांच्या गौरव अंकासाठी सत्कार समितीने दोनदा आठवण करून दिली. मी सातवी शिकलेला माणूस, लिहायला बसलो की एकेक ओळ चार वेळा खोडतो. या वेळी तर रागामुळेही कागद बाजूला ठेवावा लागला. रागाचे कारण पुढे सांगतो. आधी आबांविषयी.

आदरणीय पाळक शिमोनआबा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांची माझी ओळख माझ्या घोरण्यामुळे झाली. मी तेव्हा दीपनगरच्या वीज केंद्रावर पहारेकरी होतो. रात्रपाळी करून रविवारी जळगावला उपासनेला यायचो आणि शेवटच्या बाकावर झोपायचो. आबा आमच्या मंडळीत नवे होते. दारात माझा हात धरून आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, दीपनगरनी राखण तू करस, तुन्हा घरनी कोन करी?” सगळे हसले. मला राग आला, पण पुढच्या रविवारी मी पहिल्या बाकावर बसलो.

उपदेश संपला तरी आबा लगेच खाली उतरत नसत. “मी बोललो ते शास्त्रात कुठं आहे? पुस्तक उघडा, मगच आमेन म्हणा,” असे म्हणून थांबत. एकदा एक अक्का उठून म्हणाल्या, “आबा, तुमची ती ओळ मला सापडेना.” आबांनी शोधली, त्यांनाही सापडली नाही. “चूक माझी, अक्का. ती म्हण आहे, वचन नाही,” असे त्यांनी भर उपासनेत कबूल केले. असा पाळक मी दुसरा पाहिला नाही.

आबा निवृत्त होऊन धुळ्याला गेले आणि आम्ही सुस्तावलो. वचने पडद्यावर दिसू लागली, तशी पुस्तके घरी राहिली. अशा मंडळीत कोणीही शिरावे. एक प्रचारक अभिषेकाच्या तेलाच्या बाटल्या घेऊन शिरला. “गोळ्या गिळणाऱ्याचा देवावर भरवसा नाही!” असे तो ओरडला आणि आम्ही, आबांनी शिकवलेली माणसे, टाळ्या वाजवून आमेन म्हणालो!

माझी पत्नी रूथ हिला साखरेचा आजार. तिने मला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि कपाळाला ते तेल लावू लागली. एका सकाळी स्वयंपाकघरात कोसळली. दवाखान्यातून त्या प्रचारकाला फोन केला, तर म्हणतो, “बाईंचा विश्वास कमी पडला.” हे लिहितानाही अंगाचा तिळपापड होतो. शुद्धीवर आल्यावर रूथ दुखण्याने रडत नव्हती. “मी देवाला कमी पडले,” म्हणून रडत होती.

निरोप मिळताच आबा एसटीने आले. खाटेशी बसून म्हणाले, “रूथअक्का, तू काहीबी चुकनी नही. तुले फसाडं.” रूथ घरी आल्यावरच्या रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले, खिशातून रक्तदाबाची गोळी काढली आणि सर्वांसमोर पाण्याबरोबर घेतली. “माझा विश्वास कमी झाला? कुठल्या अध्यायात लिहिलंय? उठा, दाखवा!” माझ्या शेजारी बसलेल्या रूथने पिशवी उघडून स्वतःची गोळी काढली.

आता रागाचे कारण. याच आबांच्या सत्काराच्या पत्रिकेत प्रमुख पाहुणे म्हणून त्याच प्रचारकाचे नाव आहे! विचारले तर समितीतले भाऊ म्हणाले, “नाना, त्यांच्या नावावर गर्दी जमते. जुनं कशाला उकरता?” अहो, जुने कसले? त्या बंद केलेल्या गोळ्यांपायी रूथला एका डोळ्याने दिसेनासे झाले आहे. त्याच प्रचारकाच्या हातांनी आबांच्या गळ्यात हार घालायचा? आबांना हे ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. विचारायला भीती वाटते, त्यांचा रक्तदाब वाढला तर?

प्रभू आबांना शंभरी दाखवो, गोळ्या वेळेवर घेण्याची आठवण देवो आणि आम्हाला हलवून जागे करण्याचे बळही देवो.

पत्रिका बदलली का, तेवढे लवकर कळवा. बदलली तर रूथ आणि मी आनंदाने पहिल्या बाकावर बसू. नाही बदलली तरी तिथेच बसू, पण पुस्तक घेऊन. तो बोलायला लागला की मी उठून विचारीन, कुठे लिहिले आहे. भर सत्कारात, आबांसमोर, ही वेळ माझ्यावर आणू नका. वाट पाहतो, कळवा.