निवेदक क्रमांक चार

वापरलेला कार्बन पेपर मी कधी लगेच फेकला नाही. जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, उजेडाला धरला की त्यावर चार-पाच पानांच्या ओळी एकमेकींच्या उरावर बसलेल्या दिसतात. माझ्या डोक्याचंही आता तसंच झालंय, कुठला किस्सा कुठल्या प्रबंधातला हे सुटं करणं कठीण.

डिचोलीत बाजाराच्या वरच्या अंगाला माझी मराठी टायपिंगची खोली होती. वडील दोडामार्गचे, खाणीवर ट्रक चालवायचे. मी टायपिंग शिकले आणि इथंच बसले. मराठी की कोकणी या भाषेच्या भांडणावरून रस्ते अडवले जात होते, गोवा अजून राज्य व्हायचं होतं, आणि तरीही लोक एम.फिल., पीएच.डी. करतच होते. त्यांची सगळी बाडं माझ्याकडे यायची. मी टाईप करायचं आणि मत द्यायचं नाही, हा धंद्याचा नियम होता. आता खोली बंद केली, तेव्हा मत देते.

या मंडळींचे गाईड एकच. नाव घेत नाही, सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. पहिल्याच भेटीत त्यांनी मला तळटीप कशी टाईप करायची ते अर्धा तास शिकवलं आणि उठताना म्हणाले, “संदर्भ न देता लिहिणं म्हणजे चोरी, बाय. हे ध्यानात ठेव.”

ठेवलं. अजून आहे.

*

गुरुदास हा डिचोलीच्या एका खाणीच्या ऑफिसात क्लार्क. एम.फिल. करत होता. प्रबंध संपत आला तरी संदर्भसूचीचा पत्ता नाही. मी विचारलं तर त्याने कुणा दुसऱ्याच्या प्रबंधाची सूची पुढे टाकली. “हीच मार. विषय जवळचाच आहे.”

ती सूची मीच वर्षापूर्वी टाईप केलेली. आता पहिल्यांदाच नीट वाचली. एका ठिकाणी माझी नजर ओळ चुकली होती. वरच्या पुस्तकाचा लेखक, खालच्या पुस्तकाचं अर्धं नाव, प्रकाशक तिसऱ्याच गावचा. ‘पेडणे महालातील स्त्रीगीतांचे स्वरूप’ असं एक झकास पुस्तक तयार झालं होतं, आणि जगात ते कुठेच नव्हतं.

मी गुरुदासला सांगितलं. तो म्हणाला, “राहू दे गो, वजन येतं.”

त्यानंतर ते पुस्तक आणखी तीन प्रबंधांत आलं. मग एक दिवस सरांचा स्वतःचा लेख टायपिंगला आला, त्यात तेच पुस्तक, चक्क पानाच्या आकड्यासकट! ‘सदर ग्रंथातील विवेचन दिशादर्शक आहे.’ मी साळसूदपणे विचारलं, “सर, हे पुस्तक कुठे मिळेल हो?”

सर हसले. “दुर्मिळ आहे ते. तुझ्या हाती लागायचं नाही.”

*

प्रमिलाही सरांचीच विद्यार्थिनी, पण या कळपातली नव्हती. पेडण्याकडच्या एका शाळेत शिक्षिका, विषय बायकांची पारंपरिक गाणी. दोन बस बदलून कागद पोहोचवायला यायची, ट्रकांच्या धुळीने लाल होऊन. तिच्या गावात द्रौपदीकाकी म्हणून बाई होत्या. सही येत नव्हती आणि गाणी किती येत होती याचा अंत नव्हता.

एकदा मी प्रमिलाबरोबर गेले. काकी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत होत्या. हात लाल, समोर टोपली. गाणं म्हणायच्या आधी त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, “ह्या गाणा माझ्या आतेचा, पार्वतीचा. तिका तिच्या मावशेन दिल्यान.” मग गायल्या. दुसऱ्या गाण्याआधी पुन्हा तेच, फक्त नाव वेगळं.

मी विचारलं, प्रत्येक वेळी सांगावं लागतं का? काकींनी माझ्याकडे बघितलं, मी चहात मीठ घालते की काय अशा नजरेने. “नाव घेतल्याशिवाय गायला, तर बाकीच्यो बायको मागसून म्हणनत नाय. एकट्यान बोंबलत रवाचा.”

आणि प्रमिलाला त्यांनी एकच अट घातली. “गाणी दितंय. पण माझ्या आतेचा नाव तुझ्या पुस्तकात होया. ती गेली तेव्हा तिच्या नावाचो एक दगड सुद्धा कोणी घातलो नाय.”

प्रमिलाने त्यांच्या पायाला हात लावून कबूल केलं. मी साक्षीला होते.

*

प्रमिलाने पहिलं प्रकरण फार सुंदर लिहिलं होतं. ‘मी काकींकडे गेले तेव्हा त्या भिरंडं फोडत होत्या.’ टाईप करताना मला त्या लाल हातांचा वास आला.

सरांनी लाल पेनने आडवी रेघ मारली. ‘मी’ चालत नाही. भिरंडं चालत नाहीत. काकी तर मुळीच चालत नाही, संशोधनात नातीगोती नसतात. मी नवीन पान टाईप केलं: ‘प्रस्तुत संशोधिकेने क्षेत्रभेट दिली असता निवेदक क्रमांक चार गृहकृत्यात मग्न आढळली.’

प्रमिलाने विचारलं, “पण सर, नावं तरी तळटिपेत?”

“अशिक्षित बाईचं तोंडी बोलणं हा संदर्भ होत नाही. छापील काही आहे का?”

छापील काही नव्हतं. असतं कसं? सगळं छापील यांच्याच हातात. चोर तो चोर, वर शिरजोर.

*

भाषेचं प्रकरण पेटलं तेव्हा रस्त्यावर झाडं आडवी पडली आणि सरांनी काकींची गाणीच ‘प्रमाण’ करून घेतली. माका-तुकाचं मला-तुला झालं. “उद्या कोणी म्हणेल हे मराठी नव्हेच,” असं त्यांचं म्हणणं. त्याच महिन्यात समोरच्या, कोकणीच्या गोटातले एक विद्वान त्याच काकींचं तेच गाणं घेऊन आले. त्यांनी ते उलट्या बाजूने धुतलं होतं. त्यांनाही काकींचं नाव घालावंसं वाटलं नव्हतं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही गोटांचं एकमत.

प्रमिलाने माझ्याकडून दोन्ही कागद नेऊन काकींना वाचून दाखवले. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“दोनय बरी आसत. पण ह्यातला माझा खंयचा?”

*

शेवटची प्रत टाईप करताना मी धंद्याचा नियम मोडला. एकाच तळटिपेत, बारीक, पानाच्या तळाशी घातलं: ‘हे गीत द्रौपदीकाकींनी त्यांची आत्या पार्वती हिच्याकडून घेतले.’ प्रमिलाला विचारलंसुद्धा नाही.

सरांच्या नजरेतून ते सुटलं नाही. प्रबंधात दुसरं काही त्यांनी वाचलं असेल असं वाटत नाही, पण हे वाचलं. स्वतः सफेद शाईची बाटली घेऊन माझ्या खोलीत आले आणि माझ्या मेजावर बसून पाचही प्रतींतली ती ओळ पुसली. ब्रश हलक्या हाताने चालवत होते, एखाद्या देव्हाऱ्याला रंग द्यावा तसा. प्रमिला जनेलाकडे तोंड करून रडत होती. तिची डिग्री त्या माणसाच्या सहीवर होती, ती काय बोलणार? मी बोलू शकत होते. मी बोलले नाही. याबद्दल मला सरांपेक्षा माझाच राग जास्त येतो.

त्या पानाचा कार्बन मात्र माझ्याकडे आहे. जनेलाला धरला की पार्वती वाचता येते.

*

गोवा राज्य झालं, आणि मग सरांचं पुस्तक आलं. गाणी काकींची, सगळीच्या सगळी. मुखपृष्ठावर सरांचं नाव, खाली ‘संकलन, संशोधन व संपादन’. प्रस्तावनेत ते दुर्मिळ पुस्तकही होतं, माझं. प्रमिलाला पुढे एक लेख लिहायचा होता, तर सरांनी सांगितलं, “आता छापील संदर्भ आहे, माझ्या पुस्तकाचा दे.”

प्रकाशन प्रमिलाच्याच शाळेत, दुपारी चारला. सरांनी गावातल्या बायकांनाही बोलावलं होतं, फोटोत बऱ्या दिसतात म्हणून. दहा-बारा जणी पुढे सतरंजीवर, मध्ये काकी. मी मागे प्रमिलाजवळ बसले होते.

भाषणं झाली. सर रंगात आले. म्हणाले, आता पुस्तकातलं एक गीत मी सुरू करतो, आमच्या या माताभगिनी साथ देतील. पार्वतीचंच गाणं. पहिली ओळ त्यांनी बऱ्या आवाजात म्हटली आणि हात पुढे करून थांबले.

सतरंजीवर कोणी हललं नाही.

सरांना वाटलं बायका लाजल्या. त्यांनी पुन्हा ती ओळ म्हटली, आणखी मोठ्याने. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून थांबलेला. बायका सरांकडे बघत होत्या, तोंडं मिटलेली. प्रमिलाने माझा हात धरला.

“म्हणा ना,” सर म्हणाले. “तुमचंच गाणं आहे.”

काकींनी डोक्यावर पदर घेतला.

“नाव घेवा, सर. मगे आमी म्हणतंव.”

सरांनी पुस्तक उघडलं आणि ते पानं चाळायला लागले.