जॉब चढलाय, ताई

लेथ मशीनवर घडायला चढवलेला भाग, म्हणजे जॉब, पुरा झाल्याशिवाय मामा उतरवत नसत. लाईट जावो, डबा थंड होवो. मधेच उतरवला की सेंटर हलतं, पुन्हा तसं जुळत नाही, हे खरंच; पण त्यापायी स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्याला उशिरा पोचणं जरा अतीच होतं. व्याह्यांना हात जोडून म्हणाले, "जयभीम. जॉब चढला व्हता."

वडिलांच्या माघारी वाळूजचं वर्कशॉप माझ्याकडे आलं, त्याबरोबर त्यांच्या वेळचे कारागीर मामाही. मग मंदी आली. कंपन्यांची कामं बंद झाली, कामगार पांगले, मामा तेवढे उरले. मी हाय खाल्ली. लेथ विकून कुलूप लावायचं ठरवलं आणि मामांना तसं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं, ताई."

दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ लासूर स्टेशनच्या बाजारात जाऊन बसला. येईल त्याला विचारायचा, "तुमचं काय मोडलंय?" संध्याकाळी पिठाच्या गिरणीचा झिजलेला शाफ्ट खांद्यावर घेऊन एसटीनं परत.

सकाळी लेथ बघायला गिऱ्हाईक आलं, तर तो शाफ्ट वर चढलेला. "जॉब चढलाय, साहेब. परवा या." परवा वैजापूरच्या कुणाचा तरी पंप होता. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाईक भडकलं, "मॅडम, देना है के नहीं?"

मामा मान वर न करता म्हणाले, "ताईला इचारा."

माझ्या तोंडून "नाही" कसं निघालं, मला आजही सांगता येणार नाही. मामांनी फक्त ऑइलची बाटली मागितली.

त्या गिरण्या-पंपांवर आम्ही तगलो. पुढे कंपन्यांची कामं परत आली आणि मला शिंगं फुटली. देवगाव रंगारीहून आलेल्या गिरणीवाल्याला मी सांगितलं, "आता फुटकळ कामं घेत नाही." मामा गेटपर्यंत धावत गेले, त्याला हाताला धरून आत घेऊन आले.

"ताई, तेच्या गावाचं दळण थांबलंय. आपलं थांबलं व्हतं तव्हा हीच मान्सं आली का नाय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी कुणाला परत पाठवलं नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. घरी, दुपारच्या झोपेतच. वर्कशॉपमध्ये आता नवी माणसं आहेत, कामाला चांगली आहेत, तरी मला मामांची फार आठवण येते. चुकलं तर तोंडावर सांगणारं माणूस आता उरलं नाही.

परवा लासूरकडचे एक आजोबा पिशवीत मोडका शाफ्ट घेऊन आले. "मामा हायेत का?"

मला सांगवेना. "जेवायला गेलेत," मी म्हणाले. "ठेवा काम, करून देऊ."

"नाय नाय, बसतो की. लई दिस झालं, भेट नाय."

ते बाकावर टेकले. मी पाणी दिलं, आणि त्यांच्याशेजारी दाराकडे बघत बसून राहिले.