सहा वर्षं तीच खुर्ची

मंडळी, आज आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षा पास झालेल्यांचा सत्कार होता. आमच्या अभ्यासिकेत एक पद्धत आहे. पोस्ट मिळाली की जाताना आपली खुर्ची स्वतःच्या हाताने एखाद्या नवीन आलेल्याला द्यायची.

सहा वर्षं झाली, खिडकीजवळची खुर्ची अजून माझ्याकडेच आहे.

ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "आभार तूच मान रे, तुला सवय आहे." मानले.

स्टेजवरून उतरलो तर एक नवीन मुलगी पाया पडायलाच वाकली. "सर, तुम्हाला कोणती पोस्ट मिळाली?"

तोंडात पेढा होता म्हणून वाचलो. नुसता हसलो आणि परत त्याच खुर्चीत जाऊन बसलो.

उद्या सकाळी सातला अभ्यासिका उघडेल. खरं सांगा, खुर्ची सोडायला पोस्टच लागते का हो?